फुटला, फोडला, हातून फुटला
(इंग्रजीतील उभयविध क्रियापदांच्या निमित्ताने)



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याजवळ मी या शाळेत इंग्रजी शिकलो आणि पुढे आयुष्यभर मराठी शिकवली. सरांचे श्रम वाया गेले, असे यावर कोणी म्हणेल. माझा अनुभव उलटा आहे. माझी मातृभाषा कशी चालते याकडे माझे लक्ष पहिल्यांदा वेधले ते सरांच्या इंग्रजीच्या तासाला, आणि तेही माझ्या एका अपराधामुळे. आज व्यासपीठावरून तो अपराध पुन्हा एकदा कबूल करावा आणि त्यातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

मी त्या वेळी आठवीत होतो. प्रयोगशाळेत टेबल पुसण्याची पाळी माझी होती. फडक्याचे टोक काचेच्या एका चंबूला लागले, तो घरंगळला आणि खाली पडून त्याचे तुकडे झाले. शाळेत जुजबी सामान असण्याचे ते दिवस होते. एक चंबू ही लहान गोष्ट नव्हती. सर आमचे वर्गशिक्षक होते. त्यांनी सांगितले, "काय झाले ते इंग्रजीत लिहून आण." मी रात्री विचार करकरून एक वाक्य तयार केले. ते असे : "सर, द फ्लास्क ब्रोक."

सरांनी ते वाचले आणि म्हणाले, "वाक्य शुद्ध आहे. पण यात तू कुठे आहेस?"

मी खाली मान घातली. सरांनी मला दुसरे वाक्य लिहायला लावले : "आय ब्रोक द फ्लास्क." ते लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण मला त्या वाक्याचा अर्थ 'मी चंबू फोडला' असाच कळत होता आणि मी तर तो फोडला नव्हता. सरांनी विचारले, "रडतोस कशाला? आईला काय सांगितलेस ते मराठीत सांग." मी म्हणालो, "माझ्या हातून फुटला." सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आता हे इंग्रजीत कसे म्हणशील, याचा विचार कर." शिक्षा त्यांनी केली नाही, प्रश्न मात्र दिला. त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांच्या हयातीत दिले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. 'ब्रेक' हे क्रियापद कर्मासह येते आणि कर्माविनाही येते. रूप मात्र तेच राहते. चंबू फुटला तरी 'ब्रोक' आणि मुलाने चंबू फोडला तरी 'ब्रोक'. शिपायाने घंटा वाजवली तरी 'रँग', घंटा वाजली तरी 'रँग'. बर्फ वितळते आणि ऊन बर्फाला वितळवते, दोन्हीकडे 'मेल्ट'. 'ओपन', 'बॉइल', 'सिंक', 'बर्न' ही सारी याच कुळातील. आपल्या शालेय व्याकरणात अशा क्रियापदांना 'उभयविध' असे समर्पक नाव आहे, आणि उघडणे, मोडणे ही त्याची नेहमीची उदाहरणे आपण सर्वांनी पाठ केलेली आहेत.

परंतु इंग्रजीतील सगळी उभयविध क्रियापदे एका जातीची नाहीत, आणि येथेच आपल्या विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. 'ईट', 'रीड', 'सिंग', 'ड्रिंक' ही दुसरी जात पाहा. 'ती पुस्तक वाचते' आणि 'ती वाचते' या दोन वाक्यांत कर्म गेले, पण कर्ता जागेवरच आहे. वाचणारी तीच आहे. 'ब्रेक'च्या जातीत मात्र कर्म काढले की कर्ताच नाहीसा होतो आणि जे कर्म होते ते उठून कर्त्याच्या आसनावर बसते. मुलाने चंबू फोडला, या वाक्यातला मुलगा निघून जातो आणि चंबू त्याच्या जागी येतो. पहिल्या जातीत फक्त एक वस्तू अनुक्त राहते. दुसऱ्या जातीत माणूस अनुक्त राहतो. हा भेद पुस्तकी नाही. वस्तू लपणे आणि माणूस लपणे यांत जो फरक आहे, तोच हा फरक आहे.

पहिल्या जातीबद्दल एक गंमत सांगून पुढे जातो. कर्म गाळले म्हणजे ते नाहीसे होत नाही. समाजाने ठरवलेले एखादे कर्म त्या जागी गुपचूप येऊन बसते. इंग्रजीत 'ही ड्रिंक्स' म्हटले की तो पाणी पितो असे कोणी समजत नाही. मराठीत 'तो पितो' म्हटले तरी हाच निकाल. पण मराठीत 'साहेब खातात' म्हटले तर त्याचा अर्थ येथे बसलेल्या प्रत्येकाला कळतो, आणि तेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले तर साहेबाच्या भुकेपलीकडे त्यातून काही निघत नाही. अनुक्त कर्म कोणते, हे कोशात सापडत नाही. ते त्या त्या लोकांच्या व्यवहारात सापडते.

मराठीने या बाबतीत आणखी एक सूक्ष्म सोय करून ठेवली आहे. 'ती म्हणाली' आणि 'तिने कविता म्हटली' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. क्रियापद एकच, म्हणणे. पण नुसते बोलणे असेल तेव्हा भूतकाळात 'म्हणाली' आणि कविता, गाणे, स्तोत्र असे कर्म आले की 'म्हटली', आणि त्याबरोबर कर्त्याला 'ने' प्रत्यय. आपण हे रोज बिनचूक बोलतो. मी कित्येक वर्षे पदव्युत्तर वर्गाला विचारत असे की 'म्हणाली' केव्हा आणि 'म्हटली' केव्हा, तर वर्ग स्तब्ध होई. जिभेला जे येते ते बुद्धीला ठाऊक नसते.

आता 'फुटणे-फोडणे'कडे येऊ. इंग्रजी जेथे एका शब्दावर भागवते, तेथे मराठी बहुधा दोन शब्द बाळगते. पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे, टळणे-टाळणे, गळणे-गाळणे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, फिटणे-फेडणे. पहिल्या गटात नुसता 'अ'चा 'आ' होतो. दुसऱ्या गटात स्वर बदलतो आणि 'ट'चा 'ड'ही होतो. हा 'ट' कोठून आला आणि 'ड' कोठून आला? संस्कृतात 'त्रुट्यति' म्हणजे तुटते आणि 'त्रोटयति' म्हणजे तोडतो. प्राकृतात पहिल्यातील जोडाक्षराचा 'ट्ट' झाला आणि तो दुहेरी असल्यामुळे टिकला; दुसऱ्यातील एकटा 'ट' दोन स्वरांच्या मध्ये सापडून मऊ पडला आणि त्याचा 'ड' झाला. म्हणजे आपण 'तुटले' आणि 'तोडले' म्हणतो तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना एक भेद आपल्या तोंडून उच्चारला जात असतो.

इंग्रजीजवळ असे काही कधीच नव्हते, असा समज मात्र करून घेऊ नये. संस्कृतात 'पतति'चे 'पातयति' आणि 'ज्वलति'चे 'ज्वालयति' करणारा जो 'अय' आहे, त्याचाच सख्खा भाऊ इंग्रजीच्या पूर्वज भाषेत होता. त्याच्या खुणा आजही दिसतात. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. 'लाय' आणि 'ले', 'राइज' आणि 'रेझ' ही जोडपी तर प्रत्येक विद्यार्थ्याला छळतात. प्राचीन इंग्रजीत जळण्याला 'बिर्नन' आणि जाळण्याला 'बॅर्नन' असे दोन शब्द होते, आपल्या 'जळणे-जाळणे'सारखेच. वितळण्याचेही तसेच दोन होते. सन १०६६ च्या नॉर्मन विजयाच्या आगेमागे आणि नंतरच्या शतकांत इंग्रजी शब्दांचे प्रत्यय झिजत गेले, स्वर एकमेकांत मिसळले, आणि दोन शब्दांचा एक 'बर्न' झाला, एक 'मेल्ट' झाला.

शब्द एक झाले तरी व्यवहार अडला नाही. याचे कारण इंग्रजीने ते काम दुसऱ्याकडे सोपवले. इंग्रजी वाक्यात नाम क्रियापदाच्या आधी आहे की नंतर, यावर सारे अवलंबून असते. दार आधी आले तर दार उघडले. दार नंतर आले तर कोणीतरी ते उघडले. कर्त्याची जागा तेथे रिकामी ठेवता येत नाही, म्हणून गोंधळ होत नाही. मराठीत मात्र शब्दांची जागा बदलता येते आणि कर्ता गाळताही येतो. 'दार उघडले' एवढेच म्हटले तर ते आपोआप उघडले की कोणी उघडले, हे वाक्यावरून सांगता येणार नाही. 'वाऱ्याने', 'गड्याने' असा शब्द आला की मगच उलगडा होतो. आपल्या इंदूरच्या मुलांना तर हा भेद गल्लीत फुकट शिकायला मिळतो. कारण हिंदीत 'दरवाज़ा खुला' निराळे आणि 'दरवाज़ा खोला' निराळे. घरी मराठी, अंगणात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन व्यवस्था आपले मूल एकाच दिवसात वापरते. तीन भाषांनी मूल गोंधळते, अशी तक्रार पालक माझ्याकडे करतात. गोंधळते ते आपण त्याला तिन्ही शेजारी ठेवून दाखवत नाही म्हणून.

भाषाशास्त्रज्ञांनी या तुलनेचे मोठे काम केले आहे. मार्टिन हास्पेलमाथ या जर्मन अभ्यासकाने १९९३ साली २१ भाषांतील अशा ३१ क्रियाजोड्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हिंदी-उर्दूही होती. दोन्ही अर्थांना एकच रूप वापरण्याची प्रवृत्ती इंग्रजीत फार ठळक असल्याचे त्यातून दिसते. म्हणजे आपल्या मुलांना अवघड जाते ते इंग्रजीचे एखादे आडवळण नाही. तो तिचा राजरस्ता आहे.

पण या रस्त्यावरही सगळ्यांना प्रवेश नाही. 'ब्रेक'ला कर्म नसले तरी चालते. 'कट'ला सहसा चालत नाही. आपण मराठीत सहज म्हणतो, 'माझे बोट कापले'. त्याचे मुलाने 'माय फिंगर कट' केले की शिक्षक लाल रेघ ओढतात. मुलाला कारण कळत नाही. कारण असे की, फुटणे ही गोष्ट आपोआपही घडू शकते, असे इंग्रजी मानते. कापण्यात मात्र धारेचे शस्त्र आणि ते चालवणारा कोणी आलाच, म्हणून त्याला वाक्यातून सहजी बाहेर काढता येत नाही. मराठीने 'बोट कापले' म्हणून वेदना भोगणाऱ्याची बाजू घेतली. मुलाचे वाक्य इंग्रजीत अशुद्ध ठरते, पण अडाणी ठरत नाही. ते मराठी व्याकरणाने विचार केलेले वाक्य आहे. लाल रेघेबरोबर एवढे जरी त्याला सांगितले, तरी ते मूल दोन्ही भाषा शिकेल.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो. 'फुटला' म्हटले की माणूस नाहीसा होतो. 'फोडला' म्हटले की माणूस येतो आणि बहुधा त्याच्याबरोबर त्याचा हेतूही येतो. या दोहोंच्या मध्ये मराठीने तिसरी जागा केली आहे : 'माझ्या हातून फुटला'. क्रियापद अकर्मकच आहे, चंबूच कर्ता आहे; पण ज्याच्या हातून घडले तो माणूस वाक्यात उभा आहे. तो पळून गेलेला नाही आणि त्याने ठरवून केले असेही तो म्हणत नाही. चूक झाली हे कबूल, हेतू नव्हता हेही स्पष्ट. कबुली आणि खुलासा इतक्या थोडक्यात एकत्र नांदताना मी फार कमी ठिकाणी पाहिले आहे.

इंग्रजीत 'आय ब्रोक' यात हेतू असेलच असे नाही. इंग्रज माणूस स्वतःचा हात मोडला तरी 'आय ब्रोक माय आर्म' म्हणतो. त्याने तो मुद्दाम मोडलेला नसतो. आपण 'माझा हात मोडला' म्हणतो. 'मी माझा हात मोडला' म्हणणारा आपल्याला विक्षिप्त वाटेल. म्हणून आठवीतला मी 'आय ब्रोक' लिहिताना रडलो, ते इंग्रजी वाक्यातील मराठी अर्थामुळे. वाक्य इंग्रजांचे होते आणि 'फोडला' हा आरोप माझा होता.

हे सारे मला समजले होते. तरीही एका प्रसंगी मी ते विसरलो, आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही. मी ज्या एका महाविद्यालयात शिकवत होतो, तेथील शिस्तपालन समितीत माझे नाव होते. धारकडच्या एका मराठी घरातला मुलगा पहिल्या वर्षाला होता. त्याच्याकडून प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक मोडला. सगळा व्यवहार इंग्रजीत चाले, म्हणून त्याच्याकडून इंग्रजीत निवेदन मागवले. त्याने एकच ओळ लिहिली होती : "आय ब्रोक द मायक्रोस्कोप." आदल्या आठवड्यात वर्गात दंगा झाला होता आणि समितीचे मन आधीच कलुषित होते. ती ओळ वाचून कोणीतरी म्हणाले, "कबूलच करतो आहे." भरपाई आकारली गेली, वसतिगृहातून त्याला काढण्यात आले, आणि त्या कागदावर माझीही सही झाली. मी मराठीचा प्राध्यापक होतो. तो मुलगा माझ्या समोर उभा होता. मी त्याला मराठीतून एक प्रश्न विचारला नाही.

काही वर्षांनी तो मला सरवटे बसस्थानकावर भेटला. शिक्षण अर्धवट सोडून तो कोठेसे दुकानात कामाला लागला होता. वाकून नमस्कार केला आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर सहज म्हणाला, "सर, तो माझ्या हातून पडला होता हो." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला अधिक लागले. चंबू फुटला तेव्हा सरांनी मला जो प्रश्न विचारला होता, तो मी त्याला विचारायला हवा होता. सरांचा तो वारसा माझ्या हाती होता, आणि माझ्या हातून तो निसटला.

वाक्यरचनेने निवाडा बदलतो, हे पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगानेही दाखवले. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एका उपाहारगृहातील आगीची हकिकत वाचायला दिली. काहींच्या कागदावर 'तिने रुमाल पेटवला' अशा धाटणीची वाक्ये होती, काहींच्या कागदावर 'रुमाल पेटला' अशा धाटणीची. घटना तीच, बाईही तीच. पण पहिली हकिकत वाचणाऱ्यांनी तिला अधिक दोष दिला आणि तिच्याकडून अधिक भरपाई घ्यावी असे म्हटले. हा निष्कर्ष वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती समिती आणि ती एक ओळ होती.

याचा अर्थ मराठी प्रामाणिक आणि इंग्रजी लबाड, असा मुळीच नाही. अकर्मक क्रियापदाआड लपण्याची कला आपल्याला उत्तम साधते. 'फाइल गहाळ झाली', 'पूल कोसळला', 'निधी संपला', 'विलंब झाला', या वाक्यांत व्याकरणाचा दोष काढता येत नाही आणि माणूसही सापडत नाही. तेथे विचारण्याचा प्रश्न सरांचाच आहे : वाक्य शुद्ध आहे, पण यात तू कुठे आहेस? जेथे दुबळा माणूस 'आय ब्रोक' लिहून फसतो, तेथे त्याला 'हातून' मिळवून द्यावे. जेथे समर्थ माणूस 'मोडले' म्हणून सुटतो, तेथे 'कोणी मोडले' हे विचारावे. दोन्ही कामे भाषेच्या शिक्षकाची आहेत.

येथील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. इंग्रजी क्रियापद शिकवताना नुसता अर्थ देऊ नका. त्याची दोन वाक्ये द्या, एक कर्मासह आणि एक कर्माविना. मग मुलांना विचारा की कर्म गेल्यावर वाक्यात कोण उरले, वाचणारा की फुटणारा. शेजारी मराठी आणि हिंदी वाक्ये लिहा. फळ्यावरच्या या चार-सहा ओळींना खर्च लागत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातून वस्तू फुटतील. फुटू द्या. फक्त सांगताना वाक्यातून पळून जाऊ नका, आणि न केलेला हेतूही अंगावर घेऊ नका.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. 'माझ्या हातून' याला इंग्रजीत एक प्रत्यय नाही. तेथे दोन वाक्ये लागतात. सर, "आय ब्रोक द फ्लास्क. आय डिड नॉट मीन टु." पहिल्या वाक्यात मी आहे आणि दुसऱ्यात माझे मन आहे. साठ वर्षे उशीर झाला. तोही माझ्याच हातून झाला.